पंख्यावरचे काकाजी

आमचे शेजारी देवराव काकाजी कुणाच्याही घरी गेले की आधी चप्पल काढतात आणि मग खिशातून कापसाचा पुंजका काढतात. त्यातला चिमूटभर कापूस पिंजून ते डोक्याएवढ्या उंचीवरून सोडून देतात आणि तो कुठे जातो ते बघत उभे राहतात. घरातला माणूस ‘या, बसा’ म्हणत असतो. काकाजी बसत नाहीत. कापूस दाराकडे तरंगत गेला तर खूश होऊन टेकतात. सरळ खाली पडला, तर घरात कुणी आजारी असून घरच्यांनाच ते ठाऊक नाही, अशा नजरेने सगळ्यांकडे पाहतात.

“हवा मेली हाय इथं,” ते म्हणतात.

वणीत कापसाला तोटा नाही, त्यामुळे काकाजींचा खिसा कधी रिकामा नसतो. बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये, न्हाव्याच्या दुकानात, सगळीकडे त्यांनी कापूस उडवलेला आहे. एकदा तर मयताच्या घरी उडवला. नातेवाईक खवळले, पण पाचच मिनिटांत सगळी मंडळी आतल्या खोलीतून उठून ओसरीवर आली आणि काकाजींनी दाखवलेल्या जागी बसून नीट रडली.

माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी पाळणा तीनदा जागेवरून हलवायला लावला. पंचेचाळिशीत बाप झालेला माणूस तसाही घाबरलेलाच असतो. मी निमूटपणे पाळणा ओढत राहिलो. बायका गाणं म्हणत पाळण्यामागे सरकत राहिल्या. शेवटी तो स्वयंपाकघराच्या दारात आला आणि कापूस मुलीच्या कपाळावरून अलगद निघून गेला.

“आता ठेवा नाव,” काकाजी म्हणाले.

ही सवय नोकरीतली. काकाजी कोळशाच्या भुयारी खाणीत पंखाघरावर होते. जमिनीखाली शेकडो माणसं काम करत असतात, त्यांना वरून हवा पुरवणारा एक अजस्र पंखा असतो. तो थांबू द्यायचा नाही, एवढंच त्यांचं काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण वीज गेली की काकाजी आजही जेवता जेवता उभे राहतात. भेटल्यावर ‘कसे आहात’ असं विचारत नाहीत. “हवा लागून राह्यली ना, गुरुजी?” एवढंच विचारतात. मी शाळेत शिकवतो, म्हणून गुरुजी.

त्यांची बायको पुण्याला मुलाकडे असते, नातवाला सांभाळायला. काकाजी तिकडे मागे एकदा गेले आणि आठवड्यात परत आले. “बाराव्या माळ्यावर राह्यते पोरगा. खिडक्या लावून. मी म्हटलं, अरे बाप्पा, एवढ्या वर गेला अन् हवा खालीच ठेवून आला काय?” नातू मात्र वणीला उन्हाळ्यात कधी आला नाही. बोलवायची काकाजींचीच हिंमत झाली नाही. मे महिन्यात इथे फाटकाच्या कडीला हात लावला तर कातडी सोलून निघते.

अशा मे महिन्यात दोन-तीन वर्षांच्या पोरीला, मनूला, सांभाळायचं काम माझ्याकडे असतं, कारण मला सुट्टी असते आणि सुनंदा, माझी बायको, दवाखान्यात नर्स आहे. मनूला अंगात झबलं नको असतं. घामोळ्यांना पावडर नको असते. पन्ह्याचा पेला हवा असतो, पण पन्हं चपलेत ओतायला. भर दुपारी तिला तेच तापलेलं फाटक उघडायचं असतं. आणि झोपायचं तर अजिबात नसतं.

तिला झोपवायचे फक्त काकाजी. त्यांच्या खिडकीला एक जुना पत्र्याचा कूलर होता. दर होळीनंतर ते त्याच्या बाजूंना पाणी झिरपणाऱ्या, वाळ्याच्या गवताच्या नव्या ताट्या बसवत. तो सुरू झाला की ट्रॅक्टर उताराला लागल्यासारखा खडखडायचा. त्याच्यासमोर ओल्या वाळ्याच्या वासात चटई असायची. काकाजी कापूस सोडायचे, मनू ‘फू’ करायची, कापूस उलटा तिच्याच नाकावर यायचा, आणि चार-पाच ‘फू’ झाले की पोरगी गाढ झोपलेली असायची. त्यांना ती फूआबा म्हणते.

मागच्या उन्हाळ्यात तिला खोकला झाला. साधाच होता, पण मला रात्र काढवेना. कूलरच्या ओलसर वाऱ्यानेच झाला, असं माझ्या मनाने घेतलं, आणि मी एसी आणला. बसवणाऱ्याने सांगितलं, फटी बुजवा. मी खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली. आमच्या आणि काकाजींच्या घरांमधल्या बोळात आमचं एक लहान दार उघडतं. त्यालाही कडी घातली.

काकाजी एसी बघायला आले. कापूस सोडला. तो सरळ माझ्या पायावर पडला.

“गुरुजी, ही हवा थंडी हाय. पण उभी हाय.”

“काकाजी, कंपनीने काहीतरी विचार करूनच बनवला असेल ना,” मी म्हणालो. माझा आवाज वर्गातल्यासारखा लागला. ते कापूस उचलून खिशात ठेवून गेले.

मनू झोपेना. गार, शांत खोलीत ती डोळे उघडे ठेवून पडायची, मग बोळाकडच्या भिंतीकडे बोट दाखवून रडायची. मी गाणी म्हटली. खांद्यावर घेऊन फिरलो. एकदा मिक्सर रिकामाच फिरवून पाहिला, तेव्हा ती थोडी थांबली. तरी मला काही कळलं नाही.

आणि एका दुपारी बोळातून खडखडाट सुरू झाला. काकाजींनी भंगारवाल्याला हाताशी धरून आपला कूलर खिडकीवरून उतरवला होता आणि बोळात, आमच्या भिंतीला अगदी टेकवून उभा केला होता. भिंत थरथरायला लागली. फळीवरचे डबे वाजायला लागले. तोंड बोळाकडे, हवा कुणालाच नाही. म्हाताऱ्याने माझ्यावर राग काढायला सुरुवात केली, असं मला वाटलं.

त्या दुपारी मनू झोपली. दुसऱ्या दिवशीही झोपली. मी सुनंदाला सांगितलं, “बघ, झाली ना एसीची सवय?”

आठवडाभर मी तो खडखडाट सोसला. मग फाटकात उभा राहून त्यांना हाक मारली. ते बाहेर आले, डोक्यावर ओला दुपट्टा.

“काकाजी, काहून असं करता? राग असेल तर मला बोला. माझी पोरगी नुकती कुठे झोपायला लागली आहे. तुमच्या या खटाऱ्याने तिची झोप मोडेल.”

त्यांना एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते त्यांनी गिळलं. ते मला तेव्हाही दिसलं होतं, हे मी आता लपवत नाही.

“बरं, गुरुजी,” ते म्हणाले. कूलर बंद झाला.

त्या दुपारी मनू झोपली नाही. तिसऱ्या दिवशी सुनंदाला सुट्टी होती. रडून लाल झालेल्या पोरीला तिने मांडीवर घेतलं, भिंतीवर तळवा थापटत खडखड केली, आणि मनू गप्प झाली. सुनंदा माझ्याकडे बघून म्हणाली, “अहो, तिले हवा नाही लागत. तिले तो आवाज लागते. आणि काकाजींना ते कळलं. तुम्ही त्यांना काय बोलून आले?”

मी बोळाचं दार उघडलं. कूलर तिथेच उभा होता, तोंड बोळाकडे. पलीकडे काकाजींच्या खिडकीचं भोक पुठ्ठा लावून बंद केलेलं होतं. आत गेलो तर खोली भट्टीसारखी तापलेली. काकाजी फरशीवर पाणी शिंपडून भिंतीला टेकून बसले होते. इतके दिवस ते असेच बसत होते. कूलर चालू होता तेव्हाही.

“काकाजी, तुम्हाला हवा?”

“माह्यं काय,” ते म्हणाले. “मी वरचा माणूस. पंखा खालच्याइसाठी असते. पंखेवाला कुठं हवा खाते?”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुम्ही म्हणाले, झोप मोडते. बाप तुम्ही हाये.”

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांना उठताना चक्कर आली आणि ते राहून गेलं. सुनंदाने त्यांना दवाखान्यात नेलं, सलाइन लावली. ऊन लागलं होतं. दोन दिवसांनी मुलगा गाडी घेऊन आला आणि त्यांना पुण्याला घेऊन गेला. गाडीत बसताना त्यांनी मनूच्या मुठीत कापूस दिला. मला म्हणाले, “ताट्या बदलवत जा.”

या होळीनंतर मी ताट्या बदलल्या. कूलर आता आमच्या खिडकीला आहे. एसीवर मनूची भावली बसवलेली असते. काकाजी काही परतले नाहीत. मुलगा म्हणतो, पुढच्या हिवाळ्यात बघू.

परवा पुण्याहून काकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, “त्याहिले दुपारी झोपच नाही इथं. पंखा लावला तरी म्हणते, आवाज नाही.”

तेव्हापासून जेवण झालं की मी फोन लावतो. मनू फोनवर कापूस ठेवून ‘फू’ करते आणि चटईवर आडवी होते. मग मी फोन कूलरच्या पत्र्याला टेकवून ठेवतो. माफीचं वाक्य मी रोज मनात जुळवतो. “हवा लागून राह्यली ना, गुरुजी?” असा पलीकडून आवाज येतो, आणि मी नुसतं “हो, काकाजी” म्हणतो. थोड्या वेळाने त्यांचं घोरणं ऐकू येतं. इकडे मनूचा श्वास संथ झालेला असतो.

कूलरसमोर चटईएवढीच जागा आहे. मी बाजूला, भिंतीशी बसतो. तिथे हवा येत नाही. वीज जाऊ नये, एवढंच बघत बसतो.