तायडे गुरुजींच्या आठ दिशा

तायडे गुरुजींना डावं-उजवं नव्हतं. त्यांना पूर्व होती, पश्चिम होती, आणि अगदीच नड आली तर वायव्य होती.

न्हाव्याच्या खुर्चीत बसले की म्हणायचे, "उत्तरेचा कल्ला मोठा राह्यला." न्हावी उजेडासाठी खुर्ची फिरवायचा, की हे म्हणायचे, "आता तोच दक्षिणेचा झाला." एकदा न्हावी वैतागून म्हणाला, "गुरुजी, मी कल्ला कापू का होकायंत्र आणू?"

पंगतीत बसले तर वाढप्याला सांगायचे, "चटणी आग्नेयेले टाक." बिचारा वाढपी पत्रावळीवर चटणी धरून सूर्य शोधायचा. चौथीतली पोरं तर घरी जाऊन आईला म्हणत, "मा, भाताचा गंज ईशान्येले सरकव." आया माझ्याकडे तक्रार घेऊन येत.

मी मुख्याध्यापक होतो. उंद्री या बाजारगावापासून सायकलीच्या टप्प्यातलं गाव, दोन खोल्यांची शाळा, आम्ही दोघंच शिक्षक. माझा स्वभाव घाबरट. आजही कोणी 'साहेब आले' म्हटलं की मी आधी शर्टाची गुंडी लावतो आणि मग आपलं काय चुकलं असेल ते आठवत बसतो. गुरुजींना असलं काही होत नसे. ते उंद्रीत एका खोलीत राहत, एकटेच. सकाळी स्वतः भाकरी थापून डबा भरायचे आणि सायकल हाणत यायचे.

आमच्या शाळेत भारताचा नकाशा जमिनीवर अंथरलेला असे. त्याला कारण घडलं होतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी तिसरीतल्या कोमलला विचारलं, "बाळ, उत्तर दिशा दाखव." तिने छताकडे बोट केलं. "आणि दक्षिण?" तिने पायाखाली दाखवलं. साहेब हसले, म्हणून मीही हसलो. गुरुजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नकाशा खिळ्यावरून काढला आणि उत्तरेकडे उत्तर करून फरशीवर पसरला. मला म्हणाले, "भिंतीवरचा नकाशा म्हंजे उभी केलेली खाट, सर. तिच्यावर झोपता येते का?"

ही कोमल म्हणजे गजाननची मुलगी. गजाननचं कोरडवाहू रान होतं. बीटी बियाणं आल्यापासून त्याच्या पराटीची, म्हणजे कपाशीची, बोंडं एकदम फुटायची, आणि वेचणीला माणूस मिळेना म्हणून आमचा वर्गही एकदम रिकामा व्हायचा. पहिली वर्षं बरी गेली. मग अळी परत आली, पाऊस लहरी झाला, आणि गावातल्या काही दारांना कुलपं लागली. कोमल चौथीत गेली त्या वर्षी गजाननने पुण्यात एका इमारतीच्या कामावर राखणदारी धरली आणि दिवाळीनंतर बायकापोरांना न्यायला आला.

आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. मी दाखल्याचं बोललो. गुरुजींनी सरळ विचारलं, "पोरीच्या शाळेचं काय बे?"

"शाळा असन तिथी. पन नेईन कोन? आमी दोघंही कामावर. रस्ता एवढा मोठा, पोरगी हरपली तं? त्यापक्षा लहान्याले सांभाळीन घरी."

"रस्ता माईत असला तं जाऊ देशील?"

"जाच्या आंदी कसा माईत असन?"

"मी करून देतो माईत."

"तुमी गेलते कई पुन्याले?"

"नाई. पन नैऋत्येले हाय ना? सापडन."

गजाननने माझ्याकडे पाहिलं. मी अंगणातल्या कोंबडीकडे पाहिलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर गुरुजी एसटीत बसले. सोमवारी संध्याकाळी परत आले ते चपलेचा अंगठा तुटलेला, टोपी काळी झालेली. रिक्षावाल्याने 'काका, लेफ्ट की राइट?' विचारलं, हे म्हणाले 'ईशान्य', आणि त्याने उतरवून दिलं. मग सगळं पायीच. पण गजाननच्या कामाची जागा सापडली होती, आणि तिथून पायी जाता येईल अशी महापालिकेची शाळाही.

मंगळवारी त्यांनी अंगणात चुन्याने तो रस्ता आखला. कामाचं फाटक, पेट्रोल पंप, मोठा चौक, दारूचं दुकान, शाळा. मग पोरांना सोंगं वाटली. ट्रक, रिक्षा, कुत्रं. दारुड्या व्हायला पाच जण पुढे आले. शाळा व्हायला कोणी तयार होईना.

"सर, तुमी व्हा शाळा."

मी हात पसरून चिंचेखाली उभा राहिलो. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघत होती. तरी मी हात खाली केले नाहीत.

"सकाळी जाताना ऊन पाठीवर पाह्यजे," गुरुजी कोमलला सांगत होते. "संध्याकाळी येतानाही पाठीवर. तोंडावर आलं का समजायचं, चुकली."

"आन ढग असले तं?"

गुरुजींनी वर आभाळाकडे पाहिलं. "मंग पेट्रोल पंप."

पहिल्या दिवशी ती ट्रकखाली आली. दुसऱ्या दिवशी कुत्र्याला घाबरून उंद्रीकडे निघाली. पण जायच्या आदल्या दिवशी गजानन स्वतः कुंपणाशी उभा असताना ती ट्रक चुकवून, दारुड्यांकडे न बघता, सरळ माझ्या हातांपर्यंत आली. गजानन म्हणाला, "जाऊ दे मंग तिले शाळेत," आणि तोंड पुसत निघून गेला.

गजाननचं बिऱ्हाड पुण्याला गेलं. गुरुजी वर्गात बसून जेवायचे, ते आता डबा घेऊन माझ्या टेबलाशी येऊ लागले. म्हणाले, इथी वारा चांगला लागते. वारा मुळीच लागत नव्हता. फोन मात्र फक्त माझ्याकडे होता, आणि गजाननने माझा नंबर लिहून नेला होता.

दुसऱ्या आठवड्यात फोन वाजला. मी कोमलचा आवाज ओळखला आणि फोन गुरुजींच्या हातात दिला. त्यांनी भाकरीचा हात धोतराला पुसला.

"हाव... एकटीच गेली?... बाई कशी हाय?... कुत्रं हाय का तिथी? बरं, असू दे..." मग त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "हाव," म्हणाले, "हाव व माय. पोचलो."

फोन मला परत दिला. डबा तसाच उघडा होता.

"काय म्हणाली?"

"शाळेत नाव लागलं. रोज जाते." त्यांनी डबा जवळ ओढला. "आन इचारत होती, गुरुजी, त्या दिवशी तुमी पुन्याहून न चुकता घरी पोचलते का म्हनून."

मी मान खाली घातली. ते परत आले त्या संध्याकाळी मी त्यांना फक्त सोमवारच्या रजेचा अर्ज मागितला होता.

"पोरगी हाय, इचारते," गुरुजी म्हणाले, आणि उरलेल्या भाकरीतला अर्धा तुकडा मोडून माझ्यापुढे ठेवला.