ल्यूथर टिडवेलचं आजारपण आणि आठ गाणी

"कोणी विचारलं तर मी आजारी आहे म्हणून सांग," एवढंच काय ते ल्यूथर टिडवेल सोमवारी सकाळी आपल्या आईला म्हणाला. सव्वीस वर्षांच्या घोड्याने आईला असं सांगितलं म्हणून काही जगबुडी होत नाही. पण हे घडलं जॉर्जियातल्या टॉलिव्हर गावात, आणि तिथे ती झाली.

ल्यूथरचीही बाजू ऐकायला हवी. 'थंडर म्यूल' नावाच्या बँडचा तो गायक, आणि गाणी लिहायचाही तोच. नावाप्रमाणेच हे खेचर गडगडायचं आणि लाथाही झाडायचं. पहिला अल्बम बऱ्यापैकी खपला होता. मात्र त्यातली गाणी जमायला आठ वर्षं लागली होती, आणि दुसऱ्यासाठी रेकॉर्ड कंपनीने दिले होते आठ आठवडे. त्यातले सात उडाले. येत्या सोमवारी चौघांना अटलांटाच्या स्टुडिओत उभं राहायचं होतं. ड्रम तयार, गिटारींचा दणदणाट तयार, फक्त शब्दांच्या जागी चौघंही अजून 'ला ला ला' करत होते. गाणी नाहीत तर करार नाही, असं कंपनीच्या माणसाने अगदी हसत हसत सांगितलं होतं. आणि करार गेला की चौघांची रवानगी पुन्हा गालिच्याच्या गिरणीत, जिथून ते मोठ्या तोऱ्यात बाहेर पडले होते. तिथला फोरमन बाजारात भेटला की हटकून विचारायचा, "मग, कधी येताय परत?"

त्यात पहिल्या अल्बमपासून टिडवेलांच्या घराची पार चावडी झालेली. दिवसभर कोणी ना कोणी टपकायचं. म्हणून ही आजाराची युक्ती.

"खोटं बोलू? मी?" ओपलबाईंनी हातातली कढईच खाली ठेवली. "रविवारच्या शाळेत पोरांना दहा आज्ञा शिकवते मी, ल्यूथर!"

"अगं आई, एक आठवड्याचा तर प्रश्न आहे."

"खोटं माझ्या तोंडून निघायचं नाही. गप्प बस म्हणालास तर बसेन."

"मग बस गप्प!"

इथेच घोड्याने पेंड खाल्ली. दहा मिनिटांत फोन वाजला. पलीकडे मिस युनिस हॅगूड होत्या. वय साठीचं, आवाज सार्जंटचा, आणि चर्चच्या प्रार्थना-साखळीच्या त्या प्रमुख. गावात कोणी आजारी पडलं की मिस युनिस एकीला फोन करणार, ती दुसरीला, दुसरी तिसरीला, आणि तासाभरात अख्खं चर्च गुडघ्यांवर.

"ओपल, काल ल्यूथर चर्चला दिसला नाही तो?"

"झोपलाय."

"साडेदहा वाजले! बरं नाही का त्याला?"

ओपलबाई गप्प.

"ओपल? अगं, जास्त आहे का?"

गप्प.

"डॉक्टर काय म्हणाले?"

डॉक्टर काहीच म्हणाले नव्हते, कारण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. ओपलबाईंनी खरं तेच सांगितलं, "डॉक्टर काहीच म्हणाले नाहीत गं."

पलीकडून लांबलचक उसासा आला. "कळलं मला सगळं. काही बोलू नकोस बाई."

पहिल्या फोनवर ल्यूथरला बरं नव्हतं. चौथ्या फोनवर ते छातीपर्यंत पोचलं. नवव्या फोनवर एका बाईंना त्यांच्या दिवंगत दिराची आठवण झाली, त्याचंही अस्संच सुरू झालं होतं. दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत ल्यूथर टिडवेल नाताळ बघतो की नाही अशी परिस्थिती आली होती, आणि सप्टेंबर तर सुरू होता.

मंगळवारी भांडी यायला लागली. आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने जाणं टॉलिव्हरमध्ये चोरीपेक्षा वाईट. चिकन-डम्पलिंग तीन घरांचं, चीजमधली मॅकरोनी पाच घरांची, केळ्याचं पुडिंग, नारळाचा केक, आणि प्रत्येक काचेच्या भांड्याच्या बुडाशी चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. ल्यूथर पलंगावर वही घेऊन बसायचा, एक ओळ लिहायचा, तेवढ्यात अंगणात मोटार वाजायची. मग वही गोधडीखाली, डोकं उशीवर, तोंडावर अवकळा. ओपलबाई दार उघडायच्या आणि दिल्या शब्दाप्रमाणे एक अक्षर बोलायच्या नाहीत. पोराच्या पापाने त्यांचे डोळे भरून यायचे, ते बघून येणाऱ्याची उरलीसुरली शंका फिटायची.

पहिल्या दिवशी पाहुण्यांनी आपापली दुखणी सांगितली. ते एक वेळ परवडलं. पण बुधवारपासून लोक खोलीत आले की दार लोटून घ्यायला लागले. खुर्ची पुढे सरकवायची, आवाज उतरवायचा. जाणाऱ्या माणसाला सांगायला काय हरकत? तो काय, बरोबरच घेऊन जाणार!

सुरुवात केली खुद्द ब्रदर हॉलिस यांनी. हे चर्चचे पाद्री. थंडर म्यूलच्या ड्रमवर सैतान पाय आपटतो, या विषयावर त्यांनी लागोपाठ दोन रविवार प्रवचनं झोडली होती. त्यांनी आधी प्रार्थना केली, मग उठून दाराला कडी घातली.

"ल्यूथर, तुझ्या गिटारीबद्दल मी जे बोललो ना..."

"जाऊ द्या हो, ब्रदर हॉलिस."

"ऐक तर. सत्तेचाळीस साली मोबीलला असताना मीही एक घेतली होती. लालभडक. तीन महिने एका गुत्त्यात वाजवली. लोक टेबलांवर चढून नाचायचे रे, टेबलांवर!" ब्रदर हॉलिसचे डोळे लकाकले. मग ते खाकरले. "वाईट दिवस. फारच वाईट दिवस."

त्यांच्यामागून बी-बियाण्याच्या दुकानाचे मालक आले. जिल्ह्याच्या जत्रेत पहिलं आलेलं त्यांचं डुक्कर त्यांचं नव्हतंच, मेव्हण्याचं होतं, हे नऊ वर्षं त्यांचं काळीज खात होतं. चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या मिस कोरा आल्या. पियानो जुळवायला येणाऱ्या गृहस्थांची भेट व्हावी म्हणून त्या दर तीन महिन्यांनी स्वतःच एक तार सैल करत. शुक्रवारी मिस युनिस आल्या. त्या पाऊण तास आत होत्या, आणि चष्मा पुसतच बाहेर पडल्या. अशी शनिवारपर्यंत आठ माणसं मोकळी होऊन गेली.

शुक्रवारीच संध्याकाळी बँडचा गिटारवाला डूली येऊन पलंगाच्या पायथ्याशी बसला.

"किती झाली?"

"शून्य."

"अरे माणसा! आठवडाभर लोळतोयस, गावाचं गिळतोयस, आणि शून्य?"

"लिहू कधी? दर वीस मिनिटांनी कोणीतरी माझं मरण बघायला येतं!"

"मग बरा हो."

"बरा झालो तर रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यावी लागेल, देवाने कसं वाचवलं त्याची."

डूलीने पुडिंगच्या भांड्यात चमचा खोल घातला. "मग मरतोस का?"

"सोमवारी स्टुडिओ आहे ना, गाढवा!"

शनिवारी मात्र ओपलबाईंचा बांध फुटला. दाराशी सतरावं भांडं आलं होतं, आणि ते अशा एका म्हातारीने आणलं होतं जिला स्वतःलाच धड चालता येत नव्हतं. ते टेबलावर ठेवून त्या ल्यूथरच्या खोलीत शिरल्या.

"बास झालं. उद्या चर्चमध्ये तू खरं सांगायचंस. नाहीतर मी सांगेन, आणि रडत सांगेन."

"आई, पण माझी गाणी..."

"खड्ड्यात गेली तुझी गाणी! चाळीस वर्षं मी त्या बाकावर ताठ मानेनं बसलेय, ल्यूथर. उद्या तिथे बसू कशी?"

ल्यूथरने वही मिटली.

रविवारी चर्च तुडुंब भरलं. पलीकडच्या रस्त्यावरचे, दुसऱ्या पंथाचे मेथॉडिस्टसुद्धा चमत्कार बघायला आले होते. ल्यूथर स्वतःच्या पायांनी चालत आत आला तेव्हा 'हालेलुया'चा असा गजर झाला की थंडर म्यूलला हेवा वाटावा. आठ हजार लोकांसमोर छाती काढून गाणारा हा गडी, पण त्या दोनशे जणांसमोर त्याने पहिल्या बाकाची कड घट्ट धरली.

"मी आजारी नव्हतो," तो म्हणाला.

मेथॉडिस्टांच्या रांगेत माना लांब झाल्या.

"मला गाणी सुचत नव्हती. पहिल्या अल्बममध्ये होतं नव्हतं तेवढं ओतलं, आणि आता आत बघतो तर नुसता खडखडाट. घाबरलो मी. म्हणून खोटं बोललो. आईला बोल लावू नका, ती एक शब्दही खोटं बोललेली नाही. ती फक्त गप्प बसली. मला माफ करा."

आठ बाकांवरचे आठ चेहरे पांढरेफटक पडले. बी-बियाणेवाल्यांना ठसका लागला. मागून एक जण तावातावाने उठला. याने ल्यूथरला काहीच सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे चिडण्याची चैन त्याला परवडत होती.

"म्हणजे आमच्या बायकोनं उन्हातान्हात दोनदा डम्पलिंग केलं, ते काय याच्या..."

"क्षमा!" ब्रदर हॉलिस गरजले. इतक्या चपळाईने ते आजवर कधी व्यासपीठावर चढले नव्हते. "बंधूंनो, क्षमा! तीही ताबडतोब!"

"ताबडतोब!" पियानोमागून मिस कोरा किंचाळल्या.

"पूर्ण क्षमा!" बी-बियाणेवाले ठसक्यातूनच म्हणाले. "आणि झालं गेलं कोणी उकरून काढायचं नाही!"

मग मिस युनिस उभ्या राहिल्या. त्यांनी ल्यूथरकडे असं काही रोखून बघितलं की त्याला खरोखरच ताप भरल्यासारखं झालं. "पोराला दुखणं होतंच की," त्या म्हणाल्या. "फक्त आपण भलत्याच अवयवासाठी प्रार्थना करत बसलो. किती गाणी हवीत रे?"

"आठ, मॅम."

"ब्रदर हॉलिस, आठ मागा."

आणि दोनशे माणसांनी डोकी लववून, मेथॉडिस्टांसकट, देवाकडे आठ गाणी मागितली. ओपलबाई पहिल्या बाकावर रडत होत्या, पण मान ताठ होती.

त्या दुपारी टिडवेलांच्या घराकडे चिटपाखरू फिरकलं नाही. मिस युनिसने साखळीवरून हुकूमच सोडला होता. ल्यूथर स्वयंपाकघराच्या टेबलाशी वही उघडून बसला. घर शांत होतं. त्याने पुन्हा भीत भीत आत डोकावून बघितलं, आणि खडखडाट कसला, तिथे आठ माणसं खुर्च्या पुढे ओढून बसलेली! मनाला टोचलं त्याच्या, नाही असं नाही. म्हणून त्याने नावं बदलली, गावं बदलली, डुकराचा बैल केला, पियानोच्या तारेचा ट्रकचा बोल्ट केला आणि तारा जुळवणाऱ्या गृहस्थाचा मेकॅनिक. लाल गिटारवाला पाद्री एक न्यायाधीश झाला. दिवस मावळायच्या आत आठवं गाणं संपलं. डूलीने वाचून काढलं, एकदा वहीकडे आणि एकदा ल्यूथरकडे बघितलं, आणि गिटार उचलली.

फेब्रुवारीत दुसरा अल्बम आला. पहिल्यापेक्षा दुप्पट दणदणाट. मागच्या बाजूला, ओपलबाईंच्या आग्रहावरून, छापलं होतं: 'ही आठ गाणी टॉलिव्हरच्या बॅप्टिस्ट चर्चने देवाकडे मागून घेतली आहेत.' साहजिकच अख्ख्या चर्चने तो विकत घेतला, ग्रामोफोनवर लावला, आणि सगळ्यांची बोबडी वळली. तीन गाण्यांत व्हिस्की होती. दोहोंत परपुरुष होता. चर्चच्या वडीलधाऱ्यांची तातडीची बैठक बसली.

"हे देवानं दिलं म्हणायचं?" एक म्हातारबाबा कडाडले. "हे?"

"आपण मागितली होती का?" ब्रदर हॉलिसने शांतपणे विचारलं. "मागितली होती. किती? आठ. मोजा, बरोबर आठ आहेत. आता ही सैतानाची म्हणायची असतील, तर आपली प्रार्थना त्या दिवशी कोणाच्या घरी पोचली, ते तुम्हीच सांगा."

बैठक चालू असतानाच शेजारच्या खोलीत कोणीतरी सहावं गाणं लावलं, न्यायाधीशाचं. ब्रदर हॉलिसचा बूट टेबलाखाली ठेका धरू लागला. शेवटी रेकॉर्डची दुसरी बाजू जरा मोठ्या आवाजाची आहे एवढा ठराव करून वडीलधारे घरी गेले.

पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर मिस युनिसने ल्यूथरला गाठलं. आजूबाजूला बरेच लोक होते.

"ऐकला अल्बम," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "चूक आमचीच. आम्ही नुसतं गाणी दे म्हटलं. कसली, ते सांगायचं राहून गेलं."

"हो, मॅम."

लोक हसत हसत पांगले. मिस युनिसने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि ल्यूथरची बाही धरून त्याला खांबाआड ओढलं.

"ते तिसरं गाणं. मोटारीत चोरटी दारू भरून डोंगरातून सुसाट पळणारी पोरगी."

ल्यूथरची पाचावर धारण बसली. "मिस युनिस, शप्पथ सांगतो, मी नाव बदललं, जिल्हा बदलला, गाडीसुद्धा हिरवी केली..."

"तेच म्हणतेय मी! हिरवी?" मिस युनिसचा चेहरा संतापाने लाल झाला होता. "अरे, हिरव्या गाडीतून कोण मूर्ख दारू पळवेल? काळी होती ती, काळीकुट्ट. आणि शेरीफ दोन मैल नाही, अकरा मैल माझा पाठलाग करत होता. स्टेजवर गाताना तरी अकरा म्हण."