चिखल काढणारं जहाज

हर्षदचं घर बघायला आंजर्ल्याची मंडळी वेळणेश्वरात आली, तेव्हा त्याच्या आईच्या, यमुनाबाईंच्या मते लग्न ठरल्यातच जमा होतं. हर्षद आणि अक्षयाची पसंती फोनवरच झाली होती. राहिला होता फक्त तिच्या वडिलांचा, आप्पांचा होकार. आप्पांची उभी हयात मालवाहू जहाजांवर गेलेली. मुलगा समुद्र संशोधनाच्या जहाजावर आहे म्हटल्यावर ते खूश होणारच, असं यमुनाबाईंनी धरून टाकलं होतं.

तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

आप्पांनी लांबी विचारली. हर्षद म्हणाला, पंच्याऐंशी मीटर. आमच्या जहाजाचं अर्धंसुद्धा नाही, असं आप्पा पुटपुटले. वेग? अकरा नॉट. माल किती बसतो? मालाला जागाच नाही. मग मासे तरी धरता? धरतो, पण नमुन्यापुरते, बाटलीत ठेवायला. यमुनाबाईंनी घाईघाईने तळलेले गरे पुढे सरकवले.

"मग तुमचं जहाज करतं तरी काय?"

"एका जागी थांबतं," हर्षद अभिमानाने म्हणाला. "नांगर न टाकता. वारा असू दे, लाटा असू देत, जागचं हलत नाही."

"आणि थांबून?"

"तळाचा चिखल वर काढतं. चार-चार हजार मीटर खोलातला."

यमुनाबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. आपला मुलगा संशोधन करतो, असं त्यांनी अख्ख्या गावात मिरवलं होतं. चिखल काढतो हे मेल्याने घरातही कधी सांगितलं नव्हतं!

"चिखल आमच्या खाडीत गुडघाभर आहे," म्हणत आप्पा उठलेच. हर्षद त्या चिखलातून हजारो वर्षांपूर्वीचा पाऊस कसा कळतो ते सांगायला लागला, तशी आप्पांची नजर दाराबाहेरच्या चपला शोधू लागली. यमुनाबाईंनी मनातल्या मनात वेळणेश्वराला गाऱ्हाणं घातलं.

इतका वेळ गरे खात बसलेली अक्षयाची आई तेवढ्यात म्हणाली, "एकदा गेलं की किती दिवस बाहेर असतं हे जहाज?"

"दीड महिना."

"मधे घरी येणं नाही?"

"नाही. इंधन, पाणी, शिधा सगळं पुरतं. बंदराला लागतच नाही."

संपलं, यमुनाबाईंना वाटलं.

"बसा हो खाली," ती बाई नवऱ्याला म्हणाली. "निवृत्त होऊन घरी आलात, तेव्हापासून आमटीत मीठ किती आणि केर कुठून काढायचा, सगळं तुम्हीच सांगता. माझ्या लेकीला तरी दीड-दीड महिना निवांत मिळू दे. आमचा होकार समजा."

अक्षयाने मान खाली घालून हसू दाबलं. आप्पा मटकन बसले. त्यांचा आ वासलेला तो तसाच राहिला होता, म्हणून यमुनाबाईंनी पहिली साखर त्यांच्याच तोंडात घातली.