राखेच्या कारखान्यातल्या सिस्टर

सिस्टर हॅडली उलट्या चालतात. म्हणजे पाहुण्यांकडे तोंड करून, मागे मागे पाऊल टाकत. गाइडनं पाहुण्यांकडे पाठ करायची नाही, असं त्यांना कुणीतरी शिकवलं आणि बाईंनी ते फारच मनावर घेतलं. एकदा आमच्या भागातल्या इंडियन ग्रोसरीत त्या माझ्या आईला तूरडाळीपर्यंत उलट्या चालत घेऊन गेल्या आणि वाटेत पोह्यांच्या पाकिटांचा अख्खा मनोरा आडवा केला. "ओ माय हेक!" म्हणाल्या. हे त्यांचं पालुपद. शिवी द्यायची नाही, देवाचं नाव उगाच घ्यायचं नाही, मग आनंद असो की अपघात, 'हेक'वर भागवायचं.

वय बाहत्तर. आयडाहोत तीस वर्षं शाळेची बस चालवली. नवरा गेल्यावर घर भाड्यानं देऊन दीड वर्षासाठी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनरी म्हणून ओहायोत आल्या. मिशनरी म्हटलं की पांढऱ्या शर्टातली, दारोदार फिरणारी तरुण मुलं आठवतात. पण आजीच्या वयाची माणसंही मिशनवर जातात आणि त्यांना बहुतेक वेळा अशी जुनी स्थळं दाखवायचं काम मिळतं, हे मला माहीतच नव्हतं. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर त्यांच्या पंथाच्या सुरुवातीच्या काळातलं एक छोटं गाव जपून ठेवलंय. एक दुकान, एक शाळा, लाकडाची गिरणी आणि राखेचा कारखाना.

तिथे मी आईला घेऊन गेले, ही माझीच चूक.

बाबा गेल्यावर आई कऱ्हाडहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. मी तिला बसवून ठेवलं होतं. अक्षरशः. "आई, तू बस. डिशवॉशर आहे." "आई, राहू दे, मिलिंद करेल." चौतीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई खिडकीपाशी बसून शेजाऱ्यांच्या कचऱ्याचे डबे बघायची. विचारलं तर म्हणायची, "छान आहे गं सगळं." एका शनिवारी, कुठेतरी न्यायचं म्हणून मी तिला त्या गावात नेलं.

सिस्टर हॅडलींच्या छातीवरच्या काळ्या पट्टीवर 'सिस्टर' वाचून आईनं आधी स्वतःचा गुडघा पुढे केला. तिला वाटलं, नर्स आहेत. सिस्टरांनी गुडघा नीट दाबून पाहिला, आपलाही दाखवला आणि मगच टूर सुरू केली. राखेच्या कारखान्यात त्या सांगायला लागल्या की, जंगल तोडून उरलेली राख इथे मोठ्या पिंपांत भरायचे, वरून पाणी सोडायचे, खाली झिरपलेलं पाणी आटवून क्षार काढायचे. आई एकदम ओरडली, "वी आल्सो! अ‍ॅश! भांडी!" आणि त्या दहा गोऱ्या पाहुण्यांसमोर खाली बसून तिनं राख आणि काथ्यानं पातेलं कसं घासायचं ते करून दाखवलं. हवेतलं पातेलं. सिस्टर हॅडली तिच्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि दुसरं पातेलं घासायला लागल्या.

बाबा गेल्यानंतरच्या चार महिन्यांत मी आईला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आईला रोज तिकडे जायचं असायचं. थंडी सुरू झाली होती, पाहुणे तुरळक. मी सकाळच्या मीटिंगआधी सोडायची, संध्याकाळी आणायची. आईनं डबा न्यायला सुरुवात केली. थालीपीठ, त्यावर लोणी. ते माझ्यासाठी केलेलं नसायचं. मला मिळायचं ते डब्यातलं उरलेलं. चहा सिस्टरांच्या धर्मात बसत नाही. आईनं गवती चहा नेला तर 'चहा' हे नाव ऐकूनच त्या दचकल्या. मग दोघींनी पाऊण तास चर्चा करून त्याचं नाव 'गवताचं गरम पाणी' असं ठेवलं आणि तो पवित्र करून प्यायला.

हेवा वाटायचा मला. सरळ सांगते. सिस्टर तिला 'शुशिला' म्हणायच्या. कऱ्हाडात ती बाई होती, वहिनी होती, काकू होती. नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. एकदा मी लवकर न्यायला गेले, तर टूर चालू होती आणि सिस्टर पाहुण्यांना सांगत होत्या, "माझी मैत्रीण शुशिला म्हणते की..." माझी आई त्यांच्या टूरमध्ये शिरली होती आणि माझ्या घरात मात्र पाहुणी होती.

"मिलिंद, त्या आईला कन्व्हर्ट करतायत," मी घरी नवऱ्यापुढे जाहीर केलं.

"तुझ्या आईला?" तो म्हणाला. "यार, मला त्या सिस्टरांची काळजी वाटते."

आईलाही विचारलं. ती म्हणाली, "अगं, ती मला तिच्या देवाचं सांगते, मी तिला आपल्या. दोघींना निम्मं निम्मं कळतं. बरं चाललंय."

मी मुद्दाम शुक्रवारची सुट्टी काढून आईला नायगारा दाखवायला नेलं. धबधब्यासमोर उभी राहून आई म्हणाली, "हॅडलीला फोटो पाठव ना." परतीच्या वाटेवर मी तिच्याशी धड बोलले नाही.

शेवटी एका मंगळवारी मी ठरवून गेले. आईला सर्दी झाली होती, ती घरी होती. मोजक्या शब्दांत सांगायचं, की माझी आई सध्या हळवी आहे, तुम्ही जरा अंतर ठेवा. वाक्यं गाडीत पाठ केली होती. जुन्या दुकानात सिस्टर एकट्याच होत्या. खिडकीशी उभ्या. माझी गाडी आत वळताना त्यांनी पाहिली असणार, कारण मी दार उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"तू आहेस होय," त्या म्हणाल्या. मग लगेच सावरून, "ये, ये. शुशिला बरी आहे ना?"

"तुम्ही कुणाची वाट बघत होता का?"

त्यांनी काउंटरवरची धूळ नसलेली जागा पुसली. "माझी मुलगी कोलंबसला असते. दोन तासांवर. मिशनसाठी मी ओहायोच मागून घेतलं. आमचा पंथ तिनं सोडला तेव्हा मी जे बोलले, ते बोलायला नको होतं. चौदा महिने झाले मला इथे येऊन. ब्राझीलहून लोक येऊन गेले. ती नाही आली. फोन करते मी, तो आपला वाजत राहतो."

माझी पाठ केलेली वाक्यं जागच्या जागी राहिली.

"शुशिलाला माहीत आहे. मीच कुणाला सांगू नको म्हटलं होतं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू मुलगी आहेस. सांग, आईनं काय म्हटलं तर मुलगी ऐकेल? मी निरोप ठेवून तिची माफी मागितली, सगळं ठीक आहे म्हटलं, मला तुझ्याकडून काही नको म्हटलं."

मी काही सांगायच्या आत त्याच म्हणाल्या, "शुशिला म्हणते, तुझं घर फार सुंदर आहे. तुला सगळं येतं. तिथे तिच्यासाठी काही उरलेलंच नाही."

हे आईनं मला सांगितलं नव्हतं. हे मला मराठीतही ऐकायला मिळालं नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला, त्या बाईंचा, आईचा आणि डिशवॉशरचासुद्धा.

"काही नको असं म्हणू नका," मी कशीबशी म्हणाले. "काहीतरी मागा तिच्याकडे. जे तिलाच येतं असं काहीतरी."

"पाव," त्या म्हणाल्या. "तिचे छोटे पाव फार हलके व्हायचे. माझे दगड होतात." आणि माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला. कुणी उचलला नाही. त्यांनी निरोप ठेवला. धर्म नाही, माफी नाही. फक्त, पाव फुगत नाहीत, काय चुकतंय, एवढंच.

पुढच्या सोमवारी मी आईला सोडायला गेले, तर सिस्टर कोट न घालता बर्फातून धावत गाडीपाशी आल्या. चक्क सरळ, उलट्या नाही. फोन त्यांनी माझ्यासमोर नाही, आईसमोर धरला. मला जरा लागलंच. पडद्यावर एकच ओळ होती: यीस्ट कुठलं वापरतेस?

"ओ माय हेक, शुशिला," त्या म्हणत होत्या, "तिनं प्रश्न विचारलाय. म्हणजे मला उत्तर द्यावं लागणार!"

आईनं ती ओळ शाळेतल्यासारखी मोठ्यानं वाचली. मग माझ्याकडे वळली.

"यीस्ट म्हणजे काय गं?"

मी इंजिन बंद केलं. "सांगते," मी म्हणाले. "पण आई, मलाही थालीपीठ धड थापता येत नाही. कडेला फाटतं. संध्याकाळी दाखवशील का?"

"पीठ घट्ट मळत असशील," आई म्हणाली आणि सीटबेल्ट काढून ठेवून, सिस्टरांना बर्फात तशाच उभ्या ठेवून, किती पाणी घालायचं ते मला सांगायला लागली.