परवानगीशिवाय माफी नाही

सकाळी पावणेअकरा वाजता श्रवणतज्ज्ञ सुनेने श्रवणयंत्राच्या साच्यासाठी सासऱ्यांच्या उजव्या कानात लगदा भरला. संरक्षक बोळा डाव्या कानात होता.

लगदा झटपट घट्ट होतो, म्हणून ती पाठमोरी उभी राहून घाईने कालवत होती. तो कानाच्या पडद्यापर्यंत जाऊ नये म्हणून आधी बोळा बसवतात आणि भरण्यापूर्वी बत्तीने पुन्हा कान पाहतात. त्या दिवशी तिने पाहिलं नाही. लगदा खोलवर जाऊन घट्ट बसला. दुपारी कानाच्या डॉक्टरांनी तो काढला. पडदा शाबूत होता; सासऱ्यांचा अभिमान दुखावला होता.

"बाबा, माझं..." ती म्हणाली, तोच नवऱ्याने तिला बाहेर ओढलं. तो विमा एजंट. तिच्या व्यवसायाची पॉलिसी त्यानेच उतरवलेली.

"चुकलं म्हणायचं नाही! कंपनीला न विचारता चूक कबूल केलीस की संरक्षण गेलं. उद्या कान बिघडला तर दवाखाना विकावा लागेल."

"अरे, तुझे वडील आहेत ते."

"घरात वडील. पॉलिसीत त्रयस्थ व्यक्ती."

जेवताना सासऱ्यांनी विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?"

"झाल्या प्रकाराची मी नोंद घेतली आहे," सून म्हणाली. वाक्य नवऱ्याने पाठ करून घेतलं होतं.

सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं. "हे घर आहे की कचेरी? शनिवारी लेकीकडे चाललो. कायमचा."

त्यांनी खरंच बॅग भरली. सासूबाई गेल्यापासून संध्याकाळचा चहा ती आणि सासरेच घेत. त्या वेळी घरी यायला नवऱ्याला कधी सवड मिळाली नव्हती. तिने त्याच्यामागे लकडा लावला, तेव्हा त्याने कंपनीकडे माफीची परवानगी मागितली.

"माफी तोंडी की लेखी, विचारतायत."

"तोंडी रे!"

शुक्रवारी उत्तर आलं. खेद व्यक्त करण्यास हरकत नाही. चूक हा शब्द टाळावा.

शनिवारी नवरा टॅक्सी बघायला खाली गेला. सुनेने सासऱ्यांच्या खोलीत जाऊन दार लोटलं.

"बाबा, चूक माझी. बत्ती लावून बघायला हवं होतं. आता दवाखाना गेला तर गेला."

सासरे बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "खुर्ची मी फिरवली."

"काय?"

"तू पाठमोरी होतीस. मी घड्याळ बघायला वळलो, तो उजवा कान तुझ्यासमोर. गार लागलं तेव्हा वाटलं, दोन्ही करतेयस."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"त्यानेच बजावलं. म्हणाला, बाबा, स्वतःची चूक कबूल केलीत तर भरपाई अडकेल."

बॅग पलंगाखाली गेली आणि सुनेने चहा टाकला.

दाराची बेल वाजली. नवरा किल्ली विसरला होता.

"बेल वाजतेय का गं?"

"कंपनीला विचारल्याशिवाय मला कबूल करता येणार नाही, बाबा."

बेल पुन्हा वाजली. खाली टॅक्सीवाला हॉर्न देऊ लागला. सासऱ्यांनी रिकामा कप पुढे केला.