मुरलीभाऊजींचा पट्टा

सर्व संबंधितांना या लेखाद्वारे कळवण्यात येते की, एकोणीसशे ऐंशीच्या दशकात पिंपळनेर गावी व पंचक्रोशीत एकच काउबॉय कार्यरत होता, आणि तो माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. त्याच्याजवळ घोडा नव्हता. बंदूक नव्हती. हॅट होती, ती अक्काने चुलीत घातली. उरला तो पट्टा. सदर बाबीची कुटुंबातल्या कोणीही अभिमानाने नोंद घेतलेली नाही.

मुरलीधर भाऊजी गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. हुद्दा डॉक्टरच्या बराच खालचा, पण डोंगराकडच्या गावांत खरा डॉक्टर पोचायचा तेव्हा पोचायचा, भाऊजी आधी पोचायचे. त्यामुळे सगळी गावं त्यांनाच ‘ढोरेसना डाक्टर’ म्हणत. शरीरयष्टी म्हणाल तर शेवग्याची शेंग. त्या शेंगेच्या कमरेवर चार बोटं रुंद, तपकिरी, जाडजूड चामड्याचा पट्टा. इंग्रजी सिनेमात घोडेस्वारांच्या कमरेला असतो, अगदी तसा. उजव्या मांडीवर लोंबणारं म्यान, ते खाली चामड्याच्या वादीने मांडीला बांधलेलं. म्यानात पिस्तुलाऐवजी स्टीलची लांबट डबी, डबीत काचेची सिरिंज. पट्ट्यावर कमरेभर गोळ्यांची छोटी छोटी घरं, आणि त्या घरांत इंजेक्शनच्या बाटल्या. प्रत्येक घरावर झाकणाची पट्टी, पट्टीला चाप.

डावीकडचं एक घर तेवढं कायम रिकामं असे. कोणी विचारलंच तर भाऊजी डोळे बारीक करून लांब डोंगराकडे बघत आणि म्हणत, “ती उडाली.”

असा हा माणूस निळ्या मोपेडवर बसून गावात शिरायचा. चढ आला की उतरून मोपेड ढकलायचा. गोठ्यात आला की पाय फाकवून उभा राहायचा, म्यानावर हात ठेवायचा आणि बैलाच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणायचा, “हलायचं नाही.” बैल हलत नसे. हे वाक्य पुढे त्यांच्या तोंडात इतकं बसलं की चहाच्या भरल्या कपालाही ते तेच सांगत.

दुसरं वाक्य, “माणसानं तयारीत असावं.” कशाच्या तयारीत, ते कधी सांगत नसत.

आता हा पट्टा आला कुठून? विकत आणला असता तर अक्काने एकदाच कपाळावर हात मारून घेतला असता. पण भाऊजींनी तो स्वतः शिवला. घरात, ओट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. पोळ्यासाठी बैलांचे घुंगरांचे पट्टे करणारा एक म्हातारा कारागीर धुळ्याला होता. त्याच्याकडून भाऊजींनी चामडं आणलं, आरी आणली, चामडं कापायची रापी आणली, मेण लावलेला दोरा आणला. बक्कलही बैलाच्याच पट्ट्याचं, पितळी, बशीएवढं. मग दर रविवारी ओट्यावर पोतं अंथरून, दोन्ही गुडघ्यांत चामडं धरून त्यांचं काम सुरू व्हायचं. आरीने भोक पाडायचं आणि एकाच भोकातून दोन सुया दोन बाजूंनी ओढायच्या. “एक टाका तुटला तरी दुसरा धरून ठेवतो,” असं त्यांनी मला मोठ्या गांभीर्याने सांगितलं होतं.

अक्काची लाज तिथून सुरू झाली. भाऊजी पडले पाटील, आणि पाटलाच्या ओट्यावर आरी म्हणजे काय गोष्ट होती हे आजच्या वाचकाला सांगावं लागेल. चामड्याच्या चपला आम्ही सगळेच घालत होतो, त्या शिवणाऱ्याच्या हातचं पाणी मात्र आमच्यातले बरेच जण पीत नव्हते. अशा गावात पाटलाने स्वतः शिवायला बसणं म्हणजे भाऊबंदांना वर्षभर पुरेल इतका खाऊ.

“हाई काय लावी ठेयेल शे?” अक्का दारातून दबक्या आवाजात म्हणायची. “लोके काय म्हनतीन?”

“हलायचं नाही,” भाऊजी चामड्याला म्हणायचे.

म्यानाला डबीचा आकार यावा म्हणून त्यांनी चामडं रात्रभर पाण्यात भिजत घातलं. भिजत घातलं ते अक्काच्या पुरणाच्या पातेल्यात. ते पातेलं नंतर अक्काने बोहारणीला देऊन टाकलं. भिजलेलं चामडं डबीभोवती आवळून बांधलं आणि दोरीवर वाळत टाकलं, अक्काच्या लुगड्यांच्या मधोमध. चामडं मऊ राहावं म्हणून एरंडेल लावायला हवं होतं. घरात एरंडेल नव्हतं, म्हणून यांनी शेंगदाण्याचं तेल चोळलं. पुढचा पंधरवडा पिंपळनेरची यच्चयावत कुत्री त्यांच्या मागे होती. मोपेडवरून काउबॉय पुढे आणि मागे कुत्र्यांची वरात. पोरं ओरडायची, “डाक्टर, पिस्तूल कोठे शे?” भाऊजी हसून म्यानावर थाप मारायचे.

सिनेमाचा नाद त्यांना होता असं आम्ही समजत होतो. धुळ्याला रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमा लागे. एकदा मीही बरोबर गेलो. पडद्यावर नायक घोड्यावरून पडला आणि दगडाधोंड्यांतून गडगडत पार दरीच्या तळाशी गेला. सगळं थिएटर श्वास रोखून, जगतो की मरतो. भाऊजींनी माझ्या मांडीत चिमटा काढला.

“पडली का?”

“कोण पडली?”

“गोळी हो. पट्ट्यातली. एक तरी पडली का?”

पडली नव्हती. भाऊजींनी समाधानाने मान डोलावली आणि पुढे नायकाचं काय झालं याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, “बघितलंत? एवढा गडगडला, पण माल शाबूत.” मी आजूबाजूला पाहिलं. ओळखीचं कोणी नव्हतं. देवाचे आभार मानले.

मी तेव्हा जळगावला एका कचेरीत होतो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि शेजारीपाजारी ‘साहेब’ म्हणत. एकदा भाऊजी मला भेटायला आले ते पट्ट्यासकट. जळगावच्या बसस्थानकावर हवालदाराने त्यांना अडवलं आणि म्यानाकडे बोट दाखवून विचारलं, “यात काय आहे?” भाऊजींना असा प्रश्न विचारणारा माणूस जन्मात भेटला नव्हता. त्यांनी पाय फाकवले, हात हवेत तरंगत ठेवला, आणि विजेच्या वेगाने डबी उपसून हवालदाराच्या छातीवर रोखली. भोवती ही गर्दी. मी बाजूच्या वेळापत्रकात चोपड्याच्या गाड्या अतिशय एकाग्रतेने वाचत होतो. मला चोपड्याला जायचं नव्हतं.

गर्दी पांगल्यावर पाहतो तर हवालदार आपल्या सासुरवाडीच्या म्हशीला दूध का कमी आलं ते सांगत होता आणि भाऊजी मान हलवत ऐकत होते. मग साऱ्या स्थानकाला ऐकू जाईल अशा आवाजात मला हाक मारली, “शालकबुवा, चला.”

हे सगळं चालून गेलं. खरी कसोटी सुनंदाच्या लग्नाच्या वेळी आली.

सुनंदा ही भाऊजींची एकुलती एक मुलगी. सावद्याचं एक स्थळ मीच सुचवलं होतं. केळीचे बागायतदार, घर मोठं, मुलगा शिकलेला. त्या घरात शब्द चालायचा तो मुलाच्या आजोबांचा, आबांचा. पांढरी टोपी, पांढरं धोतर, बोलणं मोजकं. मुलगी त्यांना पसंत होती, सुनंदाला मुलगा पसंत होता. साखरपुडा सावद्यालाच ठरला. फक्त त्यांच्या कोणा नातेवाइकाने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “मुलीचे वडील चामडं शिवतात म्हणे?” मी हसून म्हणालो होतो, “छे, कोणी सांगितलं?” अशी माझी मान त्या पट्ट्यात अडकलेली.

अक्काने निघायच्या आधी भाऊजींना देवासमोर उभं करून बजावलं, पट्टा घरी राहील. भाऊजींनी खाली मान घालून ‘हो’ म्हटलं. मुलीसाठी माणूस काय करत नाही, असं वाटून मला गहिवरून आलं.

सावद्याला पोचलो. ऊन असं की केळीची पानंसुद्धा मान टाकून उभी. आणि आमचे भाऊजी गुडघ्यापर्यंतच्या बंद गळ्याच्या कोटात. सगळी बटणं लावलेली.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली.

भाऊजी आबांच्या पाया पडायला वाकले, आणि आवाज आला, ‘कर्रर्र’. जुनं, कडक झालेलं चामडं, ते वाकलं की करकरणारच. भाऊजी उभे राहिले. कर्रर्र. गादीवर बसले. कर्रर्र. पानाचं तबक पुढे आलं, हात लांब केला. कर्रर्र. ओसरीवरची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. अक्का आतल्या दारात बायकांमध्ये उभी होती, तिचा चेहरा तिच्याच कुंकवासारखा झाला.

“हे काय वाजतं?” आबांनी विचारलं.

माझी बुद्धी अशा वेळी फार वेगाने चालते, दिशा कुठलीही असो. “भाऊजींची कंबर दुखते, आबा. डॉक्टरांनी चामड्याचा पट्टा दिलाय.”

आबा एकदम सरसावून बसले. “अरे वा. माझी पण कंबर धरलेली आहे, केव्हाची. बघू तर कसा आहे.”

“आता नको, आबा. अशा मुहूर्तावर…”

“कंबरेला कसला मुहूर्त? दाखवा हो पाहुणे.”

भाऊजी उठले. एकेक बटण काढू लागले. पितळी बक्कल चमकलं. मग म्यान, मग बाटल्यांची रांग. ओसरीवर एवढी शांतता झाली की मला माझ्याच शर्टाच्या इस्त्रीची लाज वाटली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणीतरी म्हणालं, “हे तर खरंच निघालं.” सुनंदा आतून डोकावत होती. ती रडायच्या बेतात होती.

आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा वर केला, पुढे झुकले आणि शिलाईवरून अंगठा फिरवला. एकेक बाटली बघितली. शेवटी डावीकडच्या घरावर त्यांचा अंगठा थांबला.

“हे रिकामं का?”

मला उत्तर माहीत होतं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी डोळे मिटून ‘ती उडाली’ची वाट बघत बसलो.

भाऊजींनी त्या घराचा चाप उघडला, पुन्हा लावला. मग खाली बघत म्हणाले, “त्यातली फुटली.”

“कशी?”

“डोंगराकडे एका म्हातारीची गाय होती. फवारणीच्या डबड्यातलं पाणी प्यायली. विषावरच्या औषधाची एकच बाटली होती माझ्याजवळ. शर्टाच्या खिशात होती. इंजेक्शन द्यायला वाकलो, आणि दगडावर पडली. दुसरी आणायला पिंपळनेरला जाऊन येईपर्यंत गाय राहिली नाही. म्हातारी काही बोलली नाही, आबा. मला हात धुवायला पाणी दिलं. प्यायला पण दिलं.”

भाऊजींनी बक्कलाला हात लावला.

“मग सिनेमात हा पट्टा बघितला. माणूस घोड्यावरून पडतो, पण गोळी पडत नाही. घरं मोजून, मापून शिवला. लोक हसायला लागले. मला बरंच वाटलं. हसणारा माणूस दुसरं काही विचारत नाही.”

“आज कशाला घातलात?” आबांनी हळूच विचारलं.

“वाटेत कुणाचं जनावर असलं तर?”

हे ते दिमाखाने म्हणाले नाहीत. हात चोळत, चोरी पकडल्यासारखे म्हणाले. तयारी कशाची, ते मला त्या ओसरीवर कळलं. इतकी वर्षं मी लाजत होतो ते त्यांच्या पट्ट्याला. त्यांची स्वतःची लाज त्या बोटाएवढ्या घरात होती, आणि ती ते कमरेला बांधून गावोगाव हिंडत होते.

आबा मागे टेकले. टोपी नीट केली. आपल्या मुलाकडे वळून म्हणाले, “कुंकू आणा. आणि पाहुण्यांचा कोट काढून ठेवा कोणी, उकडतंय त्यांना. पट्टा राहू द्या.”

भाऊजी तसेच उभे होते. त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं, अक्काकडे, गुन्हेगाराने पाहावं तसं. अक्काला ही गोष्ट आमच्याइतकीच नवीन होती. घरात शिवणयंत्र होतं तिच्या. साऱ्या गल्लीच्या चोळ्या ती शिवत असे, आणि त्या पट्ट्याकडे तिने कधी धड बघितलंही नव्हतं. आता मात्र ती बघत होती, टाक्यामागून टाका, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. आणि व्याही मंडळींनी भरलेल्या त्या ओसरीवर, डोक्यावरचा पदर सावरत, ती मोठ्याने बोलून गेली,

“मंग माले सांगनं व्हतं ना. बठ्ठी शिलाई वाकडी शे ती.”