बन्सीनं अन्न सोडलं

मुलांनो, घटकाभर असं समजा, की तुमच्या पुढ्यात एक पाळलेला बेडूक बसलाय. चार दिवस त्यानं काही खाल्लेलं नाही, आणि आज दुपारपर्यंत खाल्लं नाही, तर आजोबा त्याला नाल्यात फेकणार आहेत. येतो की नाही राग? मुकुंदवाडीच्या आवडीला तर रडू फुटेपर्यंत आला होता.

बन्सी मोरीजवळ राहायचा, तेव्हा टुणटुणीत होता. आवडीनं लाडानं त्याला स्वच्छ घमेल्यात आणलं, वर चाळणी झाकली, आणि त्याच दिवसापासून त्यानं तोंड मिटलं. मारलेल्या माशा पुढं ठेवल्या, भाताची शितं ठेवली. तो ढिम्म!

"माझ्या घरात उपाशी बसतो म्हंजे काय?" तात्यासाहेब आजोबा गरजले.

"वरडू नका हो, रुसलाय तो," द्वारकाबाई आजी म्हणाल्या. "मान दिला की खाईल."

नेमके मुदतीच्याच दिवशी सिल्लोडहून आवडीच्या आत्याचे यजमान, बद्रीनाथमामा आले होते. अधिक महिना, म्हणून जावयाला पुरणाचे धोंडे जेवायचं बोलावणं. पाट, रांगोळी, समई, सगळं साग्रसंगीत. पण सासूबाई कुठं? घमेल्यापाशी! "खा रं बाबा, एवढा एकच घास. माझ्यासाठी!"

मामांच्या ताटातलं तूप थिजलं. ते ताडकन उठले.

"जावई मी हाय का ह्यो बेडूक?"

"अवो जावईबापू, बसा की—"

"मी नाय जेवत! वाढा त्यालाच!" मामा ओट्यावर जाऊन बसले आणि रागानं पाय हलवू लागले.

"बघ, कार्टे!" आजोबा कडाडले. "एक उपाशी होता, आता दोन झाले! काढ त्याला भाईर!"

आवडीनं रागारागानं घमेलं ओट्यावर आदळलं आणि चाळणी भिरकावली. बन्सीनं डोळे फिरवले. समोर मामांच्या पायाचा अंगठा वरखाली, वरखाली होत होता. लप्पकन!

"आगं आई गं! खाल्लं मला!" मामा हातभर उडाले.

आवडी मात्र जागीच थबकली. मग तिनं एक मेलेली माशी दोऱ्याला बांधली आणि बन्सीपुढं नाचवली. गट्टम! दुसरी, तीही गट्टम.

"आज्जी, तो रुसलाच नव्हता! त्याला हललेलंच दिसतं!"

आजोबांनी वाकून बन्सीकडं पाहिलं. "ऱ्हाऊ दे मग," ते पुटपुटले. "पर मोरीतच."

इकडं मामांचा पारा काही उतरेना. आजीनं हात जोडले, आजोबांनी चक्क माफी मागितली. मामा भिंतीकडं बघत राहिले.

आवडीनं त्यांना जरा वेळ न्याहाळलं. मग ती आत गेली, एक गरम धोंडा दोऱ्याला नीट बांधून घेऊन आली, आणि मामांच्या नाकासमोर हळूहळू हलवू लागली.